खांब, तुळया आणि यजमान

एखादी वास्तू ‘त्या मातीतली’ आहे, असे आपण सहज म्हणून जातो. भिंतीचा दगड त्या भागातला असला, छपराचा उतार तिथल्या पावसाला ओळखणारा असला, ओटी-पडवीची रचना तिथल्या वहिवाटीला धरून असली, की वास्तू तिथली झाली, असा आपला सर्वसाधारण समज असतो. राहत्या घरापुरता तो पुरेसाही आहे. परंतु विद्यापीठाच्या कलासंग्रहालयाला हा निकष लावू गेल्यास प्रश्न अवघड होतो. विद्यापीठातील ज्ञान साऱ्या जगासाठी असते. संग्रहालयातील वस्तू मात्र कुठल्या तरी गावातून, कुणाच्या तरी घरातून, कुणाच्या तरी हातून तेथे आलेल्या असतात. अशा वस्तूंसाठी बांधलेल्या इमारतीने आपल्या परिसराचे प्रतिबिंब दाखवायचे म्हणजे काय दाखवायचे? डोंगर, समुद्र आणि झाडे, की त्या भूमीवर पिढ्यान्‌पिढ्या नांदणारी माणसे?

हा प्रश्न ज्या एका वास्तूत स्पष्टपणे उभा राहिलेला दिसतो, ती कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकूवर शहराच्या टोकाला आहे. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे हे ‘म्युझियम ऑफ अँथ्रपॉलॉजी’. नावाने ते मानवशास्त्राचे संग्रहालय असले, तरी त्याची जगभरची ख्याती कोरीव काष्ठशिल्पांच्या कलासंग्रहासाठी आणि त्याहूनही अधिक त्याच्या इमारतीसाठी आहे. परिसराशी एकरूप झालेली वास्तू कशी असावी याचा दाखला म्हणून तिच्याकडे बोट दाखवले जाते. हा गौरव रास्त आहे. पण तो अर्धाच रास्त आहे, असे माझे मत आहे आणि ते येथे सकारण मांडण्याचा विचार आहे.

प्रथम थोडा इतिहास. विद्यापीठाचे हे संग्रहालय १९४९ साली ग्रंथालयाच्या तळघरात सुरू झाले. हॅरी हॉथॉर्न हे त्याचे पहिले संचालक आणि त्यांच्या पत्नी ऑड्री हॉथॉर्न या पहिल्या अभिरक्षक. किनाऱ्यावरील मूलनिवासी लोकांचे मुखवटे, पेट्या, मेजवानीची प्रचंड काष्ठपात्रे आणि ज्यांना इंग्रजीत टोटेम पोल म्हणतात ते कुलस्तंभ येथे जमत गेले. आपल्याकडे कुळाचे देवक असते. त्या किनाऱ्यावर कुळाचा कावळा असतो, अस्वल असते, देवमासा असतो, आणि त्यांच्या आकृती सीडर वृक्षाच्या उभ्या ओंडक्यावर कोरून घरापुढे उभारल्या जातात. तळघरात असे स्तंभ उभे राहणे शक्यच नव्हते. पुढे लाकूड-उद्योगातील धनिक वॉल्टर कर्नर व त्यांच्या पत्नी मेरिअन यांनी आपला मोलाचा संग्रह विद्यापीठाला देऊ केला. ब्रिटिश कोलंबिया प्रांत कॅनडाच्या संघराज्यात सामील झाल्याला १९७१ साली शंभर वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य मिळाले आणि नव्या इमारतीचे काम व्हँकूवरचेच सुपुत्र असलेले वास्तुशिल्पी आर्थर एरिक्सन यांच्याकडे आले. १९७६ साली इमारत खुली झाली.

जागा समुद्राकाठच्या उंच कड्यावरची. दुसऱ्या महायुद्धात तेथे किनाऱ्याच्या रक्षणासाठी तोफा बसवल्या होत्या आणि त्यांचे काँक्रीटचे भक्कम चबुतरे शिल्लक होते. एरिक्सन यांनी ते उखडून टाकले नाहीत. इमारत त्यांच्या आधाराने मांडली. किनाऱ्यावरील जुन्या वस्त्यांची रचना त्यांच्या मनासमोर होती. पुढे पाणी, पाठीशी घनदाट अरण्य, मध्ये पाण्याकडे तोंड करून ओळीने उभी असलेली लाकडी घरे आणि घरांपुढे स्तंभ. या घरांचा सांगाडा साधा व भव्य असे : सीडरचे जाडजूड खांब आणि त्यांवर आडव्या टाकलेल्या अखंड तुळया. एरिक्सन यांनी हाच सांगाडा काँक्रीटमध्ये उतरवला. खांब आणि तुळया यांच्या चौकटी एकामागून एक उभ्या केल्या आणि समुद्राच्या बाजूला जाताना त्या उंच होत जातील अशी योजना केली.

या इमारतीत प्रवेश करणाऱ्याला आरंभी उंचीचा अंदाजच येत नाही. दार ओलांडून आत आले की एक मंद उतरण लागते. छत बेताचे असते, उजेड कमी असतो. उतरत उतरत पुढे जावे, तसे छत वर जाते, प्रकाश वाढतो, आणि अखेर आपण ‘ग्रेट हॉल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महादालनात येतो. तेथील काचेच्या भिंती सुमारे पंधरा मीटर उंचीपर्यंत जातात. काचेपलीकडे गवताळ उंचवटे, पाणी, आणि दूरवर पर्वत. अलीकडे कुलस्तंभ व घरांचे कोरीव खांब. आभाळ भरून आले की दालन भरून येते, ऊन पडले की स्तंभांवरील कोरीव डोळे जागे होतात. कोंदट खोलीत दिव्याच्या झोतात ठेवलेल्या वस्तूंची जी कळा असते, ती येथे नाही.

बाहेरच्या भूमीची आखणी कॉर्नेलिया ओबरलँडर या उद्यानरचनाकार विदुषीने केली. त्यांनी शोभेची परदेशी फुलझाडे लावली नाहीत. त्या किनाऱ्यावर आपोआप वाढणारी गवते आणि वनस्पती यांनाच त्यांनी मान दिला. काचेपुढे पाण्याचा विस्तार असावा, म्हणजे वस्ती पुन्हा किनाऱ्यावर आल्यासारखी दिसेल, ही मूळ कल्पना होती. परंतु पाणी कायमचे खेळण्यास २०१० साल उजाडावे लागले. भूमी, हवा, प्रकाश आणि पाणी यांच्याबाबतीत ही वास्तू आपल्या परिसराशी इतकी प्रामाणिक आहे, की तिला दोष देणे कठीण जावे.

पण परिसर म्हणजे केवळ भूमी नव्हे. माणसांच्या बाजूने पाहिले, की पहिली शंका उभी राहते : हे घर कुणाच्या घरासारखे आहे?

विद्यापीठ ज्या जमिनीवर उभे आहे, ती मस्क्वियम लोकांची परंपरागत भूमी आहे. त्यांनी ती कोणत्याही कराराने कधी देऊन टाकलेली नाही. मस्क्वियम हे कोस्ट सेलिश समूहातील. त्यांची घरे लांबच लांब, एकाच बाजूला उतरते छप्पर असलेली असत. ते घरातील खांबांवर कोरीव काम करीत. परंतु घरापुढे उंच, सुटे कुलस्तंभ उभारण्याची चाल त्यांची नव्हे. ती उत्तरेकडच्या हायडा, क्वाक्वाकावाक्व इत्यादी लोकांची. एरिक्सन यांच्या वास्तूतील भव्यता मुख्यतः या उत्तरेच्या परंपरेतून आली आहे. आवारात जी दोन हायडा घरे आहेत, तीही तशीच. हायडा मातेचे पुत्र बिल रीड आणि क्वाक्वाकावाक्व शिल्पकार डग क्रॅन्मर यांनी १९५९ नंतरच्या काही वर्षांत ती विद्यापीठात उभारली आणि पुढे ती संग्रहालयाजवळ हलवण्यात आली. घरे देखणी आहेत, शंका नाही. परंतु कोकणातल्या गावात कुणी ‘स्थानिक’ म्हणून खानदेशी धाब्याचे घर बांधले आणि पाहुण्यांनी त्याचे कौतुक केले, तर त्या गावच्या माणसाला जे वाटेल, ते मस्क्वियम माणसाला वाटले असल्यास नवल नाही. दूरच्या दृष्टीला सारा किनारा एकच दिसतो. जवळून पाहणाऱ्याला त्यातले शेजारी वेगळे ओळखता यायला हवेत. ‘प्रादेशिक’ या शब्दाखाली शेजाऱ्याचे घर यजमानाच्या अंगणात उभे राहिले, हा या वास्तूतील पहिला उणेपणा होय.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे : घरातील वस्तू घरात कशा आल्या?

महादालनात मेजवानीची काष्ठपात्रे ठेवलेली आहेत. ही पात्रे ‘पॉटलॅच’ नावाच्या समारंभात मांडली जात. नामकरण, विवाह, मृत्यूनंतरचे विधी, वारसाहक्काची घोषणा अशा प्रसंगी कुळप्रमुख दूरदूरच्या पाहुण्यांना बोलावी, जेवू घाली आणि आपली संपत्ती वाटून टाकी. जो अधिक देई तो मोठा. कॅनडाच्या सरकारने १८८५ पासून या समारंभावर कायद्याने बंदी घातली आणि ती १९५१ पर्यंत राहिली. १९२१ साली डॅन क्रॅन्मर या प्रमुखाने व्हिलेज आयलंड येथे मोठा पॉटलॅच केला. पोलिसांनी लोकांना धरले. कित्येकांना तुरुंगात पाठवण्यात आले, आणि मुखवटे, ताम्रपट, वेशभूषा असा सारा ऐवज जप्त होऊन दूरदूरच्या संग्रहालयांत विखुरला गेला. त्यातील बराचसा परत यावा यासाठी त्या लोकांना १९७९ आणि १९८० साली स्वतःची दोन सांस्कृतिक केंद्रे उभारावी लागली. वर उल्लेखिलेले डग क्रॅन्मर हे याच डॅन क्रॅन्मर यांचे पुत्र. पित्याच्या समारंभातील वस्तू कायद्याने हिरावल्या गेल्या, आणि पुत्राला विद्यापीठाने घरे व स्तंभ घडवण्यासाठी सन्मानाने बोलावले. या दोन घटनांमध्ये चाळीस वर्षेही लोटली नव्हती. काच आणि काँक्रीट यांच्या त्या सुंदर मांडणीत १९७६ साली या इतिहासाला मात्र जागा नव्हती.

आपण कॅथोलिक वाचकांनी येथे थोडे थांबायला हवे. पॉटलॅचवर बंदी यावी म्हणून आग्रह धरणाऱ्यांत सरकारी अधिकाऱ्यांबरोबर ख्रिस्ती मिशनरीही होते. मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडणाऱ्या निवासी शाळांपैकी पुष्कळशा कॅथोलिक संस्थांनी चालवल्या. पोप फ्रान्सिस यांनी २५ जुलै २०२२ रोजी आल्बर्टा प्रांतातील मस्कवाचिस येथे जाऊन त्याबद्दल क्षमा मागितली. १९२५ च्या मिशन-प्रदर्शनासाठी जगभरातून रोमला ज्या वस्तू पाठवण्यात आल्या होत्या, त्या संग्रहाशी निगडित अशा ६२ वस्तू पोप लिओ चौदावे यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅनडाच्या महागुरूंच्या हाती सोपवल्या, त्या मूळ समाजांकडे पोहोचाव्यात म्हणून. संग्रहालयाच्या काचेआड ठेवलेली वस्तू ही केवळ कला नसते, तिला घर असते, हे रोमनेही मान्य केले आहे. तेव्हा व्हँकूवरच्या या वास्तूची चिकित्सा आपण परक्याच्या घराची चिकित्सा म्हणून करू शकत नाही.

वस्तूला ‘कला’ म्हणण्यातही एक पेच आहे. १९६७ साली व्हँकूवरच्या कलादालनात ‘आर्ट्स ऑफ द रेव्हन’ हे प्रदर्शन भरले आणि या किनाऱ्यावरील कोरीव काम ही अव्वल दर्जाची कला आहे, असे ठामपणे मांडले गेले. त्याआधी ज्या वस्तू ‘जंगली लोकांची कौतुके’ म्हणून पाहिल्या जात, त्यांना या दृष्टीने सन्मान दिला, हे निर्विवाद. एरिक्सन यांचे महादालन याच सन्मानाचे वास्तुरूप आहे. परंतु सन्मानाने उंच चौथऱ्यावर चढवलेली वस्तू वापरातून सुटते. कुलस्तंभाचे उदाहरण घ्या. परंपरेप्रमाणे तो ऊनपावसात उभा राहतो, झिजतो, कलतो आणि एक दिवस मातीला मिळतो. गरज पडल्यास पुढची पिढी नवा उभारते. संग्रहालय त्याला मरू देत नाही. हायस्ला लोकांचा एक स्तंभ १९२९ साली स्वीडनला नेण्यात आला होता. तो २००६ साली परत मिळाला, तेव्हा जतन करणे म्हणजे काय, याविषयीचा दोन समाजांतील मतभेदही त्याबरोबर ठळकपणे पुढे आला. वस्तू टिकवणे आणि परंपरा टिकवणे ही दोन कामे नेहमी एक नसतात.

याला या संग्रहालयातील एक तेजस्वी अपवाद सांगितला पाहिजे. तोफेच्या जुन्या चबुतऱ्यावर, वरून येणाऱ्या प्रकाशात, बिल रीड यांचे ‘द रेव्हन अँड द फर्स्ट मेन’ हे शिल्प आहे. पिवळ्या सीडरच्या १०६ तुळया एकमेकींना जोडून केलेल्या ठोकळ्यातून ते कोरले गेले आणि १९८० साली त्याचे अनावरण झाले. शिंपल्यातून बाहेर डोकावणारी भेदरलेली इवली माणसे आणि त्यांच्यावर पंख पसरून बसलेला खट्याळ कावळा, अशी ही हायडा उत्पत्तिकथा. हे शिल्प कुणाच्या घरातून आणलेले नाही. ते याच जागेसाठी, जिवंत माणसांच्या हातून, जिवंत परंपरेतून घडले. जेथे शत्रूवर रोखलेली तोफ होती, तेथे मनुष्याच्या जन्माची कथा आली. वास्तू आणि वस्तू यांचा इतका चपखल मेळ अन्यत्र क्वचितच सापडेल. तरीही ती कथा हायडांचीच, मस्क्वियमांची नव्हे, हे विसरता येत नाही.

या संग्रहालयाचे मोठेपण असे, की त्याने आपल्या इमारतीच्या सौंदर्यावर समाधान मानले नाही. आरंभापासूनच काही खुणा चांगल्या होत्या. प्रवेशद्वाराची सीडरची कोरीव दारे गित्क्सान शिल्पकारांनी घडवली. दालनांतील मोजक्या वस्तू वगळता बाकीचा संग्रह कुलपात ठेवण्याची सार्वत्रिक रीत येथे मोडण्यात आली आणि अभ्यासासाठीचा साठाच लोकांना पाहण्यास खुला केला गेला. कुणीही यावे, खण ओढावा आणि पाहावे. ज्यांच्या आजीने ती टोपली विणली, त्यांनाही ती पाहण्यासाठी प्राध्यापकाची चिठ्ठी लागू नये. १९८० च्या दशकात मस्क्वियम स्त्रियांनी आपले विस्मृतीत गेलेले विणकाम पुन्हा हाती घेतले, तेव्हा त्या कामाला येथे स्थान मिळाले. पुढे २०१० साली विस्तार झाला, तेव्हा वस्तूंची मांडणी व नोंदी त्या त्या समाजाच्या सल्ल्याने करण्याचा आणि दूर राहणाऱ्यांनाही संग्रहाचा अभ्यास करता येईल अशी सोय करण्याचा प्रयत्न झाला.

माझ्या मते या वास्तूने आपल्या परिसराला खरा न्याय दिला, तो २०१५ साली. चस्नाअम या मस्क्वियमांच्या प्राचीन गावावर आज व्हँकूवरची वस्ती पसरलेली आहे. तेथे इमारत बांधताना पूर्वजांच्या अस्थी उघड्या पडल्या, म्हणून २०१२ साली मस्क्वियम लोक महिनोन्‌महिने रस्त्याकडेला धरणे धरून बसले आणि बांधकाम थांबले. त्या गावावरील प्रदर्शन शहरात एकाच वेळी तीन ठिकाणी भरले, त्यांपैकी एक हे संग्रहालय. येथे भर होता तो माणसांच्या आवाजांवर. मस्क्वियम घरातले असावे तसे स्वयंपाकघरातील एक टेबल मांडले होते. पाहुण्याने त्याच्याशी बसावे आणि घरातील माणसांचे आपसांतले बोलणे ऐकावे. उत्खननात सापडलेल्या वस्तूंना ते लोक ‘अवशेष’ म्हणत नाहीत. ‘आमच्या चीजवस्तू’ म्हणतात. एका शब्दाने किती फरक पडतो पाहा! अवशेष कुणाचेही असू शकतात. चीजवस्तूंना मालक असतो, आणि तो अजून घरात आहे.

काँक्रीटच्या प्रचंड तुळयांनी जे साधले नव्हते, ते एका साध्या टेबलाने साधले. तुळयांनी घराचा आकार दाखवला होता. टेबलाने यजमान दाखवला.

अगदी अलीकडे या वास्तूची आणखी एक परीक्षा झाली. तो किनारा भूकंपप्रवण आहे आणि महादालन मोठा धक्का सोसू शकणार नाही, असे आढळले. २०२३ च्या जानेवारीत संग्रहालय बंद करण्यात आले. महादालन पाडून, भूकंपाचा हादरा शोषून घेणाऱ्या पायावर, ते पुन्हा हुबेहूब बांधले गेले. एरिक्सन यांचे जुने सहकारी निक मिल्कोविच यांनी हे काम पाहिले, आणि जून २०२४ मध्ये दारे पुन्हा उघडली. बाह्य रूपात कुठेही बदल करायचा नाही, हा आग्रह वास्तूवरील प्रेमापोटी होता. पण त्यातली गंमत अशी, की ज्या लाकडी घरांवरून ही चौकट घेतली, ती घरे कधी हुबेहूब पुन्हा बांधली जात नसत. दर पिढी आपल्या हाताने, आपल्या कुळाच्या नव्या कथेसह बांधी. काँक्रीटची ही प्रतिकृती एरिक्सन यांच्याशी एकनिष्ठ राहिली. पुनर्बांधणीच्या वेळी त्यात मस्क्वियम घराच्या रचनेला काही वाटा देता आला असता का, हा प्रश्न माझ्या मनात राहतो. त्याच उद्घाटनाच्या वेळी आतल्या दालनात जे प्रदर्शन भरले, ते १९०० ते १९६५ या काळात, बंदीच्या वर्षांतही, मूलनिवासी लोकांनी सार्वजनिक ठिकाणी आपले अस्तित्व कसे दाखवत ठेवले, याविषयी होते. १९७६ साली ज्या इतिहासाला जागा नव्हती, त्याला आता जागा मिळाली आहे. इमारत तशीच राहिली. बदलले ते आतले बोलणे.

आपल्यापैकी अनेकांची मुले, भावंडे आज कॅनडात स्थायिक आहेत. कुणी व्हँकूवरला गेलात, तर ही वास्तू अवश्य पाहा. महादालनातील प्रकाशाने भारावून जा. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. पण तेथून लगेच बाहेर पडू नका. खण ओढून पाहा, वस्तूखालची नोंद वाचा, ती कुणी लिहिली आहे, वस्तू कुणाची व कशी आली, हे शोधा. जेथे उत्तर मिळेल, तेथे त्या वास्तूचे आपल्या परिसराशी नाते जुळलेले आहे असे समजा. जेथे केवळ ‘काष्ठ, रंग, एकोणिसावे शतक’ एवढेच लिहिलेले असेल, तेथे अजून काम बाकी आहे.

आपल्याकडेही आता जुन्या चालीरीतींची, पेहरावाची, भांड्याकुंड्यांची छोटी-मोठी संग्रहालये निघू लागली आहेत, आणि ती इष्टच आहेत. त्यांच्या इमारतीला कौले असावीत की काँक्रीट, यावर समित्या तासन्‌तास बोलतात. तो विषय गौण नाही. परंतु ज्या घरातून ते भांडे आले, त्या घरची म्हातारी त्या दारातून आत येताना पाहुणी म्हणून येणार की यजमान म्हणून, याची चर्चा नकाशा काढण्यापूर्वी झालेली बरी. एरिक्सन यांच्यासारख्या प्रतिभावंतालाही नकाशाने ते साधता आले नाही. त्यासाठी मस्क्वियम माणसांना तेथे बसून बोलावे लागले.